गोठणाऱ्या जमिनीवरचे बिनतळघरी घर : प्रस्तावना

शिकागोच्या परिसरात घराचा पाया किती खोल घ्यायचा, असे कुणाही कंत्राटदाराला विचारले तर तो ४२ इंच सांगेल. टोरांटोत उत्तर मिळेल १.२ मीटर, न्यू जर्सीच्या उत्तर भागात ३ फूट. मिनेसोटाच्या दक्षिण भागात ४२ इंच, तर उत्तर भागात ६० इंच, म्हणजे सरळ ५ फूट. हिवाळ्यात जमीन जेवढी खोल गोठते त्याच्या खाली पायाचा तळ गेला पाहिजे, एवढेच स्पष्टीकरण सहसा दिले जाते आणि चर खणायला सुरुवात होते. पण नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या देशांत, जिथे अनेक भागांत हिवाळा तितकाच कडक असतो, लाखो घरे जेमतेम ४०-५० सेंटीमीटर खोल पायावर गेली कित्येक दशके उभी आहेत. त्यांच्या भिंतींना तडे गेलेले नाहीत आणि दरवाजे चौकटीत अडकत नाहीत.

हे दोन्ही खरे असेल, तर ४२ इंचांचा आकडा नेमके काय मोजतो? या पुस्तकाचा विषय हाच आहे. तळघर असलेल्या घरात हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, कारण तळघराच्या भिंती आपोआपच गोठणाऱ्या थराच्या खाली गेलेल्या असतात. उत्तर अमेरिकेत तळघराची चाल रुजण्यामागे हे एक साधे गणित आहे. पायासाठी ४ फूट खणायचेच आहे, तर आणखी ३-४ फूट खणून एक अख्खा मजला पदरात पाडून घ्यावा. पण जमिनीखाली पाणी वर असेल, खडक लागत असेल, किंवा मालकाला तळघराचा खर्चच नको असेल, तर घर थेट जमिनीवर बसते आणि खोलीचा प्रश्न उघडा पडतो.

आधी जमीन उचलते कशी ते पाहू. पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते, हे शाळेत शिकलेले असते. म्हणून मातीतले पाणी गोठले, माती फुगली, घर उचलले गेले, अशी समजूत फार दिवस चालत आली. हिशेब मात्र जुळत नाही. मीटरभर मातीत असलेले पाणी जागच्या जागी गोठले तर उचल दोन-चार सेंटीमीटरच्या पलीकडे जाणार नाही. प्रत्यक्षात रस्ते आणि भिंती वीतभरही वर आलेल्या लोकांनी पाहिल्या आहेत. या कोड्याचा उलगडा साउथ कॅरोलायना विद्यापीठातले भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९२९ आणि १९३० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून झाला. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझीन आणि नायट्रोबेंझीन भरून ती गोठवली. हे द्रव गोठताना आकुंचन पावतात. तरीही माती उचलली गेली. म्हणजे उचलीचे मूळ पाण्याच्या फुगण्यात नव्हतेच.

मूळ होते पाण्याच्या प्रवासात. थंडी वरून खाली उतरत असते. गोठलेल्या आणि न गोठलेल्या मातीच्या सीमेवर बर्फाची पातळ चकती तयार होते आणि ती खालच्या ओल्या मातीतून पाणी वर ओढू लागते. ओढलेले पाणी तिथे येऊन गोठते, चकती जाड होते आणि वरचा सगळा थर उचलला जातो. थंडी आणखी खाली उतरली की दुसरी चकती, मग तिसरी. हिवाळ्याच्या अखेरीस अशी जमीन कापली तर मातीच्या थरांत बर्फाचे थर स्पष्ट दिसतात. या चकत्यांतले पाणी त्या जागेचे नसते, खालून खेचून आणलेले असते. म्हणूनच वसंतात ती वितळली की मातीत मुळात होते त्याहून जास्त पाणी साठते आणि कालपर्यंत दगडासारखी असलेली जमीन चिखल होते. घराला दोनदा फटका बसतो: जानेवारीत वर, एप्रिलमध्ये खाली, आणि दोन्ही वेळा सगळीकडे सारखा नाही. भिंतीला तडा जातो तो या असमानतेमुळे.

यावरून तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय उचल होत नाही हे उघड झाले: गोठवणारी थंडी, पाण्याचा पुरवठा, आणि ते पाणी वर खेचू शकणारी माती. आर्थर कॅसाग्रांदे यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी मातीसाठी एक कसोटी सुचवली, ती आजही वापरात आहे. लहानमोठे कण मिसळलेल्या मातीत ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण ३ टक्क्यांहून अधिक असतील, तर ती उचलीला संशयित धरावी. अगदी एकसारख्या कणांच्या मातीत ही मर्यादा १० टक्के. स्वीडनमध्ये गुन्नार बेस्कोव यांनी रस्ते आणि रेल्वे यांच्या निमित्ताने हाच अभ्यास केला आणि १९३५ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यातून सर्वांत घातक ठरला तो गाळाचा पोयटा. वाळूतल्या पोकळ्या मोठ्या, म्हणून पाणी वर चढत नाही. शाडूसारख्या घट्ट चिकणमातीत ओढ जबर असते, पण पाणी इतके सावकाश सरकते की हिवाळा संपून जातो. पोयट्यात ओढही आहे आणि वाटही.

इथे एक विसंगती येते आणि नवख्या वाचकाने तिच्याजवळ थोडे थांबावे असे मला वाटते. जमीन किती खोल गोठेल याचे गणित ऑस्ट्रियातले पदार्थवैज्ञानिक योझेफ स्टेफान यांच्या १८९१ च्या निबंधापर्यंत मागे जाते. त्यांच्यापुढे घरे नव्हती, ध्रुवीय समुद्रावरचा बर्फ होता. बर्फाची जाडी थंडीच्या एकूण साठ्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांनी दाखवले. थंडी चौपट, तर बर्फ दुप्पट. सोव्हिएत बांधकाम नियमावलीने हेच वर्गमूळ मातीसाठी घेतले: शून्याखालच्या महिन्यांची सरासरी तापमाने चिन्ह सोडून बेरजेत घ्यायची, वर्गमूळ काढायचे आणि मातीच्या गुणांकाने गुणायचे. चिकणमातीसाठी गुणांक ०.२३, बारीक वाळूसाठी ०.२८, भरड वाळूसाठी ०.३०, दगडगोट्यांच्या जमिनीसाठी ०.३४. बेरीज ३६ आली तर वर्गमूळ ६. चिकणमाती १.३८ मीटर गोठणार, दगडगोटे २.०४ मीटर. ओल्या बारीक मातीतले पाणी गोठताना उष्णता सोडत राहते, त्यामुळे थंडीचा पाय तिथे अडखळतो. कोरड्या गोट्यांत तिला अडवणारे काही नसते. थोडक्यात, जी जमीन सर्वांत खोल गोठते तीच बहुधा सर्वांत निरुपद्रवी असते. ज्या नियमावलीत मातीचा उल्लेख न करता सगळ्या गावाला एकच खोली लावलेली असते, ती गोट्यांवर बसलेल्या माणसाला विनाकारण खर्चात टाकते, हे माझे मत मी इथेच नोंदवून ठेवतो. अमेरिकी नियमावल्या याबाबत फारच ढोबळ आहेत.

सोव्हिएत नियमावलीने आणखी एक काम केले. आपल्या विषयाचे तर ते मर्मच आहे. नुसत्या उघड्या जमिनीची गोठणखोली काढून ती थांबली नाही, घराच्या उबेचा गुणांक तिने वेगळा मांडला. तळघर नसलेले, थेट जमिनीवर फरशी असलेले घर आत १५ अंश सेल्सिअस तापमानावर राहत असेल तर गुणांक ०.६, २० अंश किंवा जास्त असेल तर ०.५. फरशीखाली उष्णतारोधक थर घालून ती जमिनीपासून उचलून धरली असेल, तर त्याच १५ अंशांना ०.८. घर गरम केलेच जात नसेल तर १.१, म्हणजे उघड्या जमिनीपेक्षाही वाईट. वरच्या उदाहरणातले १.३८ मीटर उबदार घराखाली ०.८३ मीटर होतात आणि बंद पडलेल्या घराखाली १.५२. पायाची खोली ही जमिनीसोबत घरात राहणाऱ्या माणसांच्या सवयींवरही अवलंबून आहे, हे मी पाहिलेल्या नियमांत इतके स्वच्छ दुसरीकडे आढळले नाही. गंमत म्हणजे यात फरशीचा उष्णतारोधक जितका चांगला, तितका पाया खोल न्यावा लागतो, कारण जमिनीला मिळणारी ऊब कमी होते. इंधन वाचवायला निघालेला मालक पायाला थंडीत लोटतो.

लोकांना ही गोष्ट आकडे मांडण्याआधीपासून ठाऊक होती. रशियन खेड्यातल्या लाकडी घराभोवती भिंतीच्या बुडाशी मातीचा, भुशाचा कट्टा घालत, त्याला झावालिंका म्हणतात. संध्याकाळी म्हातारी माणसे गप्पा मारायला त्यावर बसत, म्हणून रशियन भाषेत हा शब्द गावगप्पांशीच जोडला गेला आहे. पण त्याचे मूळ काम घराखालच्या जमिनीला थंडी लागू न देणे हे होते. स्वीडनमध्ये हीच माती भिंतीच्या आतल्या बाजूने रचत. शिवाय ही घरे ओंडक्यांची. एक कोपरा दोन बोटे वर गेला तरी ओंडके एकमेकांवर सरकून जागा करून घेत आणि वसंतात पुन्हा बसत. विटा आणि काँक्रीट आल्यावर ही लवचिकता गेली आणि मग खोल खणण्याचा नियम अटळ झाला.

त्या नियमाला पर्याय शोधणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन पंथ मानता येतील. पहिला माती आणि पाण्यावर घाव घालणारा. चरात पोयट्याऐवजी खडी भरायची आणि तळाशी पाण्याला बाहेर जायला वाट द्यायची. पाणीच नाही तर चकती कशाची होणार? वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट हे या पद्धतीचे जोरदार पुरस्कर्ते होते. १९३७ साली विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे पूर्ण झालेल्या जेकब्स घरात त्यांनी पूर्ण तळघराला फाटा दिला, बॉयलरपुरती लहानशी जागा ठेवली आणि फरशीखाली गरम पाण्याचे नळ फिरवले. आपल्याकडचा गवंडी सोलिंग आणि मुरमाचा भराव करतो त्याच्याशी या खडीच्या चराचे नाते लगेच लक्षात येईल, फक्त इथे निचऱ्यावर सगळी भिस्त असते. निचऱ्याचा नळ गाळाने तुंबला की ही पद्धत संपली.

दुसरा पंथ सोव्हिएत ग्रामीण बांधकामातला. १९८० च्या दशकात तिथे उथळ पट्टी-पायाचे स्वतंत्र नियम आले. त्यांची भूमिका धीट आहे: जमीन उचलणारच, तिला उचलू द्या, पण घर एकसंध उचलले जाऊ द्या. त्यासाठी सगळ्या भिंतींखालचा काँक्रीट पट्टा सळईने बांधून बंद चौकट करायची आणि खाली न उचलणाऱ्या वाळूची गादी घालायची. या मागे एक नेमके निरीक्षण होते. हलक्या घराचा पाया खोल नेला तरी ते सुटत नाही, कारण गोठलेली माती पायाच्या उभ्या बाजूंना चिकटून त्याला वर ओढते. पाया जितका खोल, तितका चिकटायला पृष्ठभाग जास्त. दुमजली विटांच्या घराचे वजन ही ओढ सहन करते. एकमजली लाकडी घराचे वजन तेवढे नसते. खोल खणून, भरपूर काँक्रीट ओतून बांधलेली किती तरी हलकी घरे, कुंपणाचे खांब आणि व्हरांडे असे वर आले आहेत.

तिसरा पंथ उष्णतेचा, आणि या पुस्तकाचा कल त्याच्याकडे आहे हे लपवण्यात अर्थ नाही. पायाभोवती जमिनीत फोमचे तक्ते घालायचे: काही उभे, पायाच्या बाहेरच्या अंगाला चिकटून, आणि काही आडवे, पंखासारखे बाहेर पसरलेले. घरातून खाली झिरपणारी आणि जमिनीच्या पोटातून वर येणारी ऊब त्यांच्याखाली अडकते आणि पायाखालची माती गोठतच नाही. हा फोम म्हणजे आपल्या ओळखीच्या थर्माकोलचाच जमिनीत टिकणारा, दाट भाऊबंद. नॉर्वेत १९७० च्या दशकात जमिनीतल्या थंडीवर मोठा राष्ट्रीय संशोधन प्रकल्प चालला आणि या पद्धतीला पक्के कोष्टक मिळाले. अमेरिकेत गृहबांधणी व्यावसायिकांच्या संशोधन केंद्राने सरकारी गृहनिर्माण खात्यासाठी १९९४ साली मार्गदर्शिका तयार केली. २००१ साली अमेरिकी स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेचे मानक आले आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मानकही. आज अमेरिकेतल्या निवासी नियमावलीनुसार वर्षभर उबदार राहणाऱ्या घराचा पाया सौम्य थंडीच्या भागात १२ इंच आणि कडक थंडीच्या भागात १६ इंच चालतो, फोम नेमून दिल्याप्रमाणे घातला असेल तर. कोपऱ्यांना जास्त फोम लागतो, कारण तिथे दोन बाजूंनी ऊब निसटते. ही बाब नकाशावर नीट दाखवलेली असते आणि साइटवर सर्वांत जास्त वेळा विसरली जाते.

सायबेरियातल्या कायम गोठलेल्या जमिनीचा विषय या पुस्तकात मुद्दाम घेतलेला नाही. तिथे तर्क उलटा होतो. याकुत्स्कमध्ये फ्योदोर शेर्गिन यांनी १८२८ ते १८३७ या काळात पाण्यासाठी विहीर खणली. ११६ मीटर खाली जाऊनही जमीन गोठलेलीच होती. अशा ठिकाणी घराची ऊब हाच शत्रू. म्हणून घर खांबांवर उचलून खालून वारा खेळता ठेवतात. हंगामी थंडीचे नियम तिथे लावले तर घर खचेल आणि तिथले नियम इकडे लावले तर उचलेल.

मराठीत हे पुस्तक कशासाठी, असा प्रश्न येणारच. लडाख हे एक उत्तर आहे, पण ते वाटते तितके सरळ नाही. लेहमध्ये थंडी जबर, पण वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास आणि बरीचशी जमीन गोट्यांची. तीन अटींपैकी दोन बऱ्याच जागी पुऱ्या होत नाहीत. सिंचनाच्या पाटाजवळ किंवा बारीक मातीच्या शेतात घर बांधले की चित्र बदलते. हल्ली तिथे नळाचे पाणी, शोषखड्डे आणि काँक्रीटची बांधकामे वाढत असताना हा फरक कळणारे अभियंते हवेत. पायाची खोली जमिनीखाली किमान ५० सेंटीमीटर, हा भारतीय मानकातला आकडा अशा जागी पुरेसा ठरत नाही.

दुसरे उत्तर विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला आपोआप सुचेल. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. हलके घर तिच्यावर दर वर्षी वरखाली होते. कारण वेगळे आहे, तिथे बर्फाच्या जागी चिकणमातीतले खनिज पाणी पिऊन फुगते. मात्र उत्तरे विलक्षण समांतर निघाली आहेत: काळी माती काढून मुरूम भरणे, घराभोवती रुंद फरसबंदी करून ओल स्थिर ठेवणे, किंवा रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, बुडाशी फुगीर असलेले पाइल ओल बदलत नाही अशा थरात, बहुधा साडेतीन मीटर खाली रोवणे. यवतमाळच्या अभियंत्याला मिनेसोटातला प्रश्न समजायला फार वेळ लागू नये. मूळ प्रश्न तोच आहे: जमीन हलते कशाने, आणि ते कारण थांबवायचे, टाळायचे की सोसायचे?

तिसरा वाचक परदेशी स्थायिक झालेला. न्यू जर्सी, शिकागो, टोरांटो इथे घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला पायाशी थेट व्यवहार करायची वेळ येते ती बहुधा मागच्या अंगणात डेक बांधताना किंवा गाडीच्या गॅरेजला खोली जोडताना. डेकच्या खांबांना घराची ऊब मिळत नाही, त्यांना पूर्ण खोली लागते. घराला धरून बांधलेल्या डेकचे खांब उथळ ठेवले, तर मार्चपर्यंत डेक घराकडे कलते आणि पाणी भिंतीत जाते. हिवाळ्याचे तीन महिने पुण्याला जाताना घरातली हीटिंग बंद करून पैसे वाचवणाऱ्यांनीही उबदार घरासाठी बांधलेल्या उथळ पायाचा नियम वाचावा. त्यात घराचे सरासरी मासिक तापमान किमान १८ अंश राहील हे गृहीत धरलेले असते. त्याहूनही धोक्याचा असतो बांधकामाचा पहिला हिवाळा: स्लॅब पडलेला, छप्पर नाही, आत ऊब नाही, भोवती भराव नाही. नुकसानीच्या बऱ्याच कहाण्या याच हिवाळ्यातल्या आहेत आणि त्यात आराखड्याचा काडीचाही दोष नसतो.

पुस्तकाची मांडणी करताना कोष्टके मागे आणि माती पुढे ठेवली आहे. कोष्टकावरून सुरुवात करणारा वाचक आकडा उचलतो आणि निघून जातो. जागेवर खड्डा घेऊन मातीचा थर ओळखणे, बारीक कणांचे प्रमाण काढणे, पाण्याची पातळी हिवाळ्याच्या तोंडावर पाहणे, यांना म्हणूनच सर्वाधिक पाने दिली आहेत. फोमच्या पद्धतीचे दोषही झाकलेले नाहीत. जमिनीतला फोम वाळवीला आत शिरायची झाकलेली वाट देतो, त्यामुळे वाळवीच्या तीव्र प्रादुर्भावाच्या भागांत अमेरिकी नियम तो वापरू देत नाहीत. स्वीडनमध्ये १९६० आणि ७० च्या दशकांत काँक्रीट फरशीच्या वर उष्णतारोधक आणि लाकडी पट्ट्या घातलेली घरे पुढे ओल आणि बुरशीने पछाडली. थंड स्लॅबवर ओल साचणारच होती, रोधक खाली असायला हवा होता. पायाचा प्रश्न सोडवताना फरशीचा प्रश्न जन्माला घालायचा नसेल तर ही प्रकरणे सोबत वाचावी लागतात.

एका वादावर पुस्तकाने भूमिका घेतली आहे. हिवाळे सौम्य होत आहेत, तेव्हा गोठणखोलीचे जुने आकडे कमी करावेत, असा आग्रह आता धरला जातो. सरासरीचा विचार केला तर त्यात तथ्य आहे. पण जमिनीवरचे बर्फ हे स्वतःच जाड पांघरूण आहे. ते उशिरा आणि विरळ पडू लागले, तर मधूनच येणारी थंडीची एखादी लाट उघड्या जमिनीत पूर्वीपेक्षा खोल उतरू शकते. गाडीच्या वाटेवरचे बर्फ रोज खरवडून काढतात तिथे हे दर वर्षी दिसते. शेजारच्या हिरवळीखाली जमीन मऊ असते तेव्हा त्या वाटेखाली ती कितीतरी खोल गोठलेली असते. त्यामुळे पुस्तकातल्या सर्व उदाहरणांत घराभोवती बर्फ नाही असेच धरले आहे, आणि थंडीचा आकडा सरासरी हिवाळ्याचा न घेता शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या हिवाळ्याचा घेतला आहे. यामुळे काही ठिकाणी फोमचा पंख आवश्यकतेपेक्षा फूटभर रुंद येईल.